खुर्च्यांची मोजदाद

तालकाउआनोच्या सरकारी शाळेत
एकोणतीस वर्षं माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे.
सदतीस कुलपं.
कुठलं फिरवताना जरा उचलून धरायचं,
कुठल्याला आधी शिवी लागते, सगळं ठाऊक.

त्या मंगळवारी पहाटे किल्ली बरोबर फिरली
आणि फाटक उघडलं नाही.
आतून खुर्च्या रचल्या होत्या.
उलट्या, आडव्या, एकीत एक अडकवलेल्या,
गजांतून पाय बाहेर काढून,
रात्रीत समुद्राने आणून टाकावी तशी
हाडांची रास.

"एलादियोमामा," गच्चीवरून आवाज आला,
"शाळा आम्ही ताब्यात घेतलीय.
तुमचा डबा कालपासून आतच आहे. खाली सोडू?"
रायेन. तिसरी ब.
गेल्या हिवाळ्यात तिच्या बाकावर छप्पर गळायचं
आणि मी तिला बादली दिली होती.
बादली.
शिक्षण खात्याच्या वतीने मी एवढंच करू शकलो.

सहा दिवस फाटकाबाहेर बसलो. ड्युटी ती ड्युटी.
वाऱ्यावर मासळीच्या कारखान्याचा वास,
गोदीतल्या भोंग्याला दचकणारे कुत्रे.
सातव्या दिवशी आत पाइप फुटला.
व्हॉल्व्ह कुठे आहे ते मलाच माहीत.
तीन खुर्च्या काढून त्यांनी भोक केलं
आणि चोपन्न वर्षांचे गुडघे घेऊन
मी माझ्याच शाळेत रांगत शिरलो.

मला वाटलं होतं, बाटल्या असतील, धिंगाणा असेल.
व्यायामशाळेत सभा चालली होती.
याद्रान नावाचा उंच मुलगा
फुकट शिक्षणावर पंचवीस मिनिटं बोलला, छान बोलला,
मग दातांना तारा लावलेली एक मुलगी उठली:
पातेली रोज मुलीच का घासतात?
झालं.
ठराव, उपठराव, ठरावाला दुरुस्ती.
सातवीतल्या एका पोराने दोन्ही हात वर केले
तर त्याची दोन मतं धरायची का
यावर आणखी पाव तास.
एक्केचाळीस विरुद्ध अडतीस, तिघं तटस्थ.
त्या रात्री याद्रानने पातेली घासली. वाईट घासली.
बहुमताने घासलेली पातेली
मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

मी याच शाळेत शिकलो.
तेव्हा हाताची घडी, तोंडावर बोट.
शाळा सुटली, बोट तिथेच राहिलं.
माझ्या शेजारी एवारिस्तो बसायचा.
एका सोमवारी हजेरीत त्याचं नाव आलं नाही.
त्याच्या वरचं नाव, मग खालचं नाव,
बाईंचं पेन अडखळलंसुद्धा नाही.
मी "हजर" म्हणालो. नीट, स्पष्ट.

मुख्याध्यापकांनी मला कॅफेत बोलावलं.
कॉफी पाजली, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.
"तुम्ही आत जाता. आत कोण कोण आहे?"
मी म्हणालो, तीनशे बारा खुर्च्या.
"नावं, एलादियो."
मी म्हणालो, साहेब, काहींचे पाय डगमगतात,
पण एकावर एक ठेवल्या की धरतात.
कॉफी गार झाली. बिल मी दिलं.

चव्वेचाळिसाव्या दिवशी त्यांनीच मत घेऊन फाटक मोकळं केलं.
जिंकले का? मला विचारू नका.
मंत्रालयातून एक कागद आला, छपराबद्दल.
छप्पर अजून गळतं.
रायेनची वर्षभराची हजेरी बुडाली, ती पुन्हा तिसरीत बसते,
तिच्या आईने महिनाभर माझ्याकडे बघितलं नाही.
मी खुर्च्या वर्गावर्गात परत लावल्या.
तीनशे नऊ भरल्या.
तीन कुठे गेल्या ते मला माहीत आहे.
रजिस्टरात लिहिलं: पूर्ण.

परवा आम्हा शिपायांची, झाडूवाल्यांची, स्वयंपाकिणींची
बॉयलरच्या खोलीत बैठक झाली.
ओव्हरटाइमचे पैसे. कोण कोण बाजूने?
हात वर घेतला तर खांदा मध्येच अडला.
जरा उचलून धरला.
फिरला.